परतीचा सामना परत द्या

प्रति,
अध्यक्ष आणि क्लब स्पर्धांचं वेळापत्रक ठरवणारी मंडळी,
आशियाई फुटबॉल महासंघ, क्वालालंपूर

विषय : एएफसी चॅम्पियन्स लीग एलिटची क्वार्टर आणि सेमी पुन्हा दोन्ही क्लबांच्या गावी खेळवण्याबाबत

महोदय,

नागपूरचा एकही क्लब तुमच्या स्पर्धेत नाही, आणि माझ्या हयातीत असेल असं काही दिसत नाही. आमचा फुटबॉल आहे तो कामठीत, मोमिनपुऱ्यात, मोतीबागेच्या रेल्वे मैदानावर. शिवाय विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन उभा केलेला स्लम सॉकर आहे. त्याला फिफानं २०१६ मध्ये डायव्हर्सिटी पुरस्कार दिला. एवढ्या भांडवलावर आशियाच्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेबद्दल तुम्हाला सल्ला देणं म्हणजे आगाऊपणाच. पण स्पर्धा चालते ती बघणाऱ्यांच्या जिवावर, आणि बघणाऱ्यांत आम्ही आहोत.

मागणी सरळ आहे. २०२४-२५ पासून तुम्ही क्वार्टर फायनलपासून पुढचं सगळं एका शहरात, आठ-नऊ दिवसांत, एकेका सामन्यात उरकता. ते शहर सौदीतलं जेद्दा. घरी एक, बाहेर एक, अशी दोन सामन्यांची लढत आता शेवटच्या सोळा संघांपर्यंतच आहे. ती क्वार्टर आणि सेमीलाही परत आणा.

का, ते ग्वांगजूवरून सांगतो.

ग्वांगजू एफसी हा २०१० साली स्थापन झालेला कोरियातला क्लब, कुणा मोठ्या कंपनीचा नाही, शहराचा. २०२४-२५ मध्ये आशियाई स्पर्धेत पहिल्यांदाच आला. शेवटच्या सोळांत समोर जपानचा व्हिसेल कोबे, सलग दोन वर्षं जे-लीग जिंकलेला. कोबेतला पहिला सामना ग्वांगजू ०-२ हरला. लीग टप्प्यात कोबेपेक्षा एक पायरी वर राहिल्यामुळे परतीचा सामना मात्र ग्वांगजूच्या घरी होता, १२ मार्चला. पहिला गोल लवकर झाला. दुसऱ्यासाठी ८५व्या मिनिटापर्यंत जीव टांगणीला. तो पेनल्टीवर आला, यासिर असानीच्या पायातून. बेरीज २-२. एक्स्ट्रा टाइम संपायला दोन मिनिटं असताना त्याच असानीनं तिसरा मारला. दोन्ही सामने मिळून ३-२, आणि कोबे बाहेर.

हा सामना मी पाहिला तेव्हा आमच्याकडे बुधवारची दुपार होती. त्या गोलनंतर प्रेक्षकांत जे झालं ते नव्वद मिनिटांत तयार होत नाही. त्याला मधला आठवडा लागतो. दोन गोलांची पिछाडी घेऊन गाव आठ दिवस कामावर जातं, चहा पितं, बाकं कोरून आकडेमोड करतं: लवकर एक मिळाला तर काय, समोरच्यानं एक मारला तर किती लागतील. हरलेल्या संघाच्या गावात तो आठवडा कसा जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला परतीचा सामना म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

मग क्वार्टर आली. २५ एप्रिलला ग्वांगजू विरुद्ध रियाधचा अल-हिलाल, जेद्दात. निकाल ७-०. सामना सुरू झाला तेव्हा ग्वांगजूत रात्रीचा दीड वाजला होता.

दोन सामने असते तर ग्वांगजू पुढे गेला असता, असं मी अजिबात म्हणणार नाही. अल-हिलाल सगळ्याच बाबतींत वरचढ होते आणि बहुधा दोन्हीकडे जिंकले असते. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या गावानं कोबेला बाहेर काढलं, त्या गावात अल-हिलालला यावं लागायला हवं होतं. त्या पोरांना आपल्या स्टेडियमच्या दारात रियाधची बस बघायला मिळायला हवी होती, मग भले चार गोल खावे लागोत. दोन सामन्यांच्या नॉकआउटमध्ये हरणाऱ्याच्या वाट्यालाही एक रात्र येते. तुमच्या आठवडी बाजारात ती येत नाही. चार संघ एकेक सामना खेळून, सामान न उघडताच विमानतळाकडे निघतात.

जिंकणाऱ्यांकडूनही बघा. त्या वर्षी करंडक अल-अहलीनं उचलला. अल-अहली जेद्दाचाच क्लब. थायलंडच्या बुरिरामला ३-०, अल-हिलालला ३-१, आणि ३ मेच्या फायनलला जपानच्या कावासाकी फ्रोंतालेला २-०. तिन्ही आपल्याच शहरात. त्यांच्यावर माझा रोष नाही. संघ जबरदस्त होता, फिर्मिनो तर वेगळ्याच लयीत खेळत होता, आणि अख्ख्या स्पर्धेत ते एकदाही हरले नाहीत. उलट, इतक्या चांगल्या संघाच्या विजेतेपदावर ‘घरात बसून जिंकले’ हा शेरा कायमचा चिकटला, तो तुमच्या रचनेमुळे. त्यांना कावासाकीत एकदा खेळू दिलं असतं तर तोही पुसला गेला असता.

तुम्ही म्हणाल, कावासाकी तर परक्या मैदानावर अल-सद्दला आणि रोनाल्डोच्या अल-नासरला, दोघांनाही ३-२ हरवून फायनलला गेला. चांगला संघ कुठेही जिंकतो. बरोबर. पण ती त्या क्लबच्या इतिहासातली बहुधा सगळ्यात मोठी रात्र, आणि ती घडताना त्यांचे लोक हजारो किलोमीटर लांब झोपेला टाळत बसले होते. त्यात तुम्हाला काहीच खटकत नाही का?

आता जेद्दाचंच जुनं दप्तर उघडा. तुमच्या चॅम्पियन्स लीगची २००४ ची फायनल, दोन सामन्यांत झालेली. जेद्दाचा अल-इत्तिहाद घरच्या मैदानावर कोरियाच्या सोंगनामकडून १-३ हरला. एकच सामना असता तर विषय संपला होता, करंडक कोरियाला. परतीच्या सामन्यात तोच अल-इत्तिहाद सोंगनामच्या घरी जाऊन ५-० जिंकला. बेरीज ६-३. आशियाई क्लब फुटबॉलची गोष्ट कुणाला सांगायची झाली तर सुरुवात मी इथूनच करतो. ज्या शहराला परतीच्या सामन्यानं हे दिलं, त्याच शहरात तुम्ही परतीचा सामना पुरलात, यातला विनोद तुमच्या लक्षात आला असेल असं समजतो.

आणि हे फार जुनंही नाही. एलिट सुरू व्हायच्या आदल्याच हंगामात, मे २०२४ मध्ये, योकोहामात योकोहामा एफ. मारिनोस २-१ जिंकला आणि दोन आठवड्यांनी अमिरातीतल्या अल ऐनमध्ये प्रशिक्षक क्रेस्पोच्या अल ऐन संघानं त्यांना ५-१ असं धुतलं. पुन्हा बेरीज ६-३. त्याआधी याच अल ऐननं क्वार्टरला अल-नासरला पेनल्टीवर आणि सेमीला अल-हिलालला दोन सामन्यांच्या बेरजेवर काढलं होतं. मार्चपासून मेपर्यंत ही मालिका चालली, आणि प्रत्येक वेळी पुढच्या सामन्याआधी बोलायला काहीतरी होतं. तेव्हा कॅलेंडरमध्ये जागा होती. वर्षभरात ती कुठे गेली?

नागपूरकराला हे का टोचतं, ते क्रिकेटमधून सांगावं लागेल. फुटबॉलच्या पत्रात क्रिकेट आणल्याबद्दल रागावू नका. २०१७-१८ च्या रणजी करंडकात नॉकआउटचे सामने त्रयस्थ मैदानांवर होते. विदर्भानं क्वार्टर सुरतला खेळली, सेमी कोलकात्याला, फायनल इंदूरला. ईडन गार्डन्सवर कर्नाटकविरुद्ध पाच धावांनी जिंकलो. गुरबानीनं दुसऱ्या डावात सात बळी घेतले. तसा सामना विदर्भाच्या क्रिकेटनं त्याआधी पाहिला नव्हता. मग इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी आली. साठ वर्षं हिणवून घेतलेल्या संघानं एका मोसमात सगळं फेडलं, आणि नागपूरनं ते मोबाइलवरच्या स्कोअरकार्डावर वाचलं. आनंद झाला नाही का? प्रचंड झाला. पण सीताबर्डीवर त्या दिवसांत ज्याच्याशी बोलाल त्याचा शेवट एकाच वाक्यावर व्हायचा : काहून बे, हे जामठ्याले असतं तं?

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, फायनल खरोखर जामठ्याला, नागपूरच्याच स्टेडियमवर झाली. सौराष्ट्र ७८ धावांनी हरलं, सरवटेनं सामन्यात अकरा बळी घेतले. २०२४-२५ मध्ये तर सेमीला मुंबई आणि फायनलला केरळ, दोघंही आमच्याच दारात. केरळविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक मिळाला. बाहेरच्यांना तो निकाल मिळमिळीत वाटला असेल. पण केरळचा सचिन बेबी ९८ वर बाद झाला त्या क्षणी जामठ्याच्या स्टँडमध्ये जे बसले होते त्यांना विचारा. क्रिकेट तेच, संघ जवळपास तोच, करंडकही तोच. फरक इंदूर आणि जामठ्याचा.

म्हणून ग्वांगजूच्या, बुरिरामच्या, योकोहामाच्या माणसाचं दुखणं मला इथे बसून कळतं. आम्ही निदान इंदूरला रात्रीच्या बसनं जाऊ शकत होतो.

तुमची बाजूही मी पाहिली आहे, ती पोकळ नाही. जेद्दाची वेळ माझ्यासाठी तर सोन्यासारखी आहे. तिथे साडेसात म्हणजे नागपुरात रात्रीचे दहा. जेवण झालेलं, एप्रिलचं ऊन उतरलेलं, कूलरसमोर बसून सामना. उलट जपान-कोरियातले सामने आमच्याकडे भर दुपारी. आपली सोय पाहिली असती तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.

पैसा हे खरं कारण असणार. विजेत्याला पूर्वी ४० लाख डॉलर मिळायचे, आता १ कोटी २० लाख मिळतात. एवढं वाढवायला कुणीतरी यजमान हवा, तो खर्च करायला तयार असेल तर स्पर्धा त्याच्या अंगणात जाणार, हे समजण्याइतके आम्हीही व्यवहारी आहोत. आमच्या भारतीय महासंघानंही हा प्रयोग करून पाहिला : मार्च २०२३ मध्ये संतोष ट्रॉफीच्या सेमी आणि फायनल थेट रियाधला नेल्या. मेघालय पहिल्यांदाच फायनलला पोचलं होतं. कर्नाटकानं ती फायनल ३-२ नं जिंकली, पाच दशकांहून जास्त काळानंतर करंडक मिळवला. शिलाँग आणि बंगळूर, दोन्ही फुटबॉलवेडी शहरं, आणि दोघांच्या वाट्याला आला टीव्ही. त्या फायनलचं काय उरलं? स्कोअर उरला.

पण पैशाचंही एक उलटं गणित आहे. दूरचित्रवाणीला दोन रात्री विकता येतात तिथे तुम्ही एक विकताय. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये इंटर आणि बार्सिलोनाची युरोपातली सेमी पाहिली असेल. पहिला सामना ३-३. तिथे एक्स्ट्रा टाइम लावून निकाल लावला असता तर त्या रात्री विषय मिटला असता. मिटला नाही, म्हणून सहा दिवसांनी मिलानमध्ये ४-३ झालं आणि तेरा गोलांची सेमी जगानं दोनदा विकत घेतली. नागपुरात पहाटेपर्यंत जागून ती पाहणारे मला माहीत आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांना दोन्ही क्लबांशी काही देणंघेणं नव्हतं.

युरोपनंही तुमचा साचा एकदा वापरला होता. ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडमुळे, आठ संघ लिस्बनला गोळा करून एकेक सामना. बायर्ननं बार्सिलोनाला ८-२ हरवलं ते त्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये. साथ ओसरायच्या आधीच, पुढच्याच मोसमात, ते दोन सामन्यांवर परतले. आणि आता तर २०२५-२६ पासून त्यांनी क्वार्टर आणि सेमीचा परतीचा सामना लीग टप्प्यात वर राहिलेल्या संघाच्या घरी ठेवला आहे. म्हणजे घरचा सामना ही तिथे कमवायची गोष्ट झाली. तुम्हीही शेवटच्या सोळांत नेमकं हेच करता, ग्वांगजूला त्याचाच फायदा झाला. मग एक फेरी पुढे गेल्यावर ती कमाई रद्द कशी होते?

प्रवास आणि सुरक्षितता हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा. आशिया युरोप नाही, हे नकाशा बघूनच कळतं. सौदी आणि इराणी क्लब २०१६ पासून कित्येक वर्षं एकमेकांच्या देशात खेळूच शकत नव्हते. आमचं मोहन बागानही ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन इराणमधल्या तबरीझला गेलं नाही आणि चॅम्पियन्स लीग टूमधून, म्हणजे एलिटच्या खालच्या स्पर्धेतून, बाद ठरलं. अशा वेळी त्रयस्थ मैदान लागणारच. लागेल तिथे वापरा. पण अडचण असलेल्या लढतींसाठीचं औषध धडधाकट लढतींना का? योकोहामा आणि अल-नासर यांच्यात कुठलं युद्ध होतं?

शिवाय संघ एखाद्या देशात गेल्यानं काय होतं तेही तुम्ही पाहिलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अल-नासर तेहरानला गेला तेव्हा तिथल्या पर्सेपोलिस क्लबला झालेल्या शिक्षेमुळे आझादी स्टेडियम रिकामं होतं, तरी रोनाल्डोच्या हॉटेलभोवती अख्खं शहर लोटलं. त्याआधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पर्सेपोलिस आणि जपानचा काशिमा यांच्या फायनलचा परतीचा सामना त्याच आझादीत होता. त्या दिवशी काही शे इराणी महिलांना स्टेडियममध्ये बसता आलं, ज्यांना एरवी क्लबच्या सामन्याला फाटकातच अडवत. सामना ०-० राहिला, करंडक काशिमा घेऊन गेला. फायनल तिसऱ्याच देशात एका फेरीत उरकली असती तर त्या बायका त्या दिवशी घरीच असत्या.

आमच्या भारतीय क्लबांचं सांगतो आणि थांबतो, कारण तिथे सांगण्यासारखं थोडंच आहे. दुसऱ्या पायरीवरच्या एएफसी कपमध्ये २००८ ला देम्पो आणि २०१३ ला ईस्ट बंगाल सेमीपर्यंत गेले. २०१६ मध्ये बंगळूर एफसीनं सेमीत गतविजेत्या जोहोर दारुल ताझिमला मलेशियात १-१ रोखलं आणि बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर, आधी एक गोल खाऊनही, ३-१ हरवलं. छेत्रीचे दोन, हुआननचा एक. भारतीय क्लब फुटबॉलची ही सगळ्यात मोठी संध्याकाळ होती, यावर आमच्याकडे फारसे वाद होत नाहीत. फायनल दोहाला एकाच सामन्याची, इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध, ०-१. ती फायनल आज कुणी काढत नाही. लोक कांतीरवाचं बोलतात.

उद्या एखादा भारतीय क्लब चुकूनमाकून एलिटच्या क्वार्टरला पोचला, तर तुमच्या आजच्या नियमानं तो सामना कोलकात्यात नाही, मडगावात नाही, पुण्यात नाही. मग कामठीतलं पोर चार मित्रांना घेऊन रेल्वेच्या जनरल डब्यातून कुठे जाणार?

कुणी नागपूरकरच मला विचारेल, की आपली जिल्हा लीग तरी कुठे घरी-बाहेर खेळतो आपण, सगळे एकाच मैदानावर तर येतात. येतात. आणि सामना संपल्यावर अर्ध्या तासात स्कूटरवरून सगळे घरी असतात, दोन्ही बाजूंचे. खंडाच्या स्पर्धेला तो हिशोब लागू होत नाही.

तेव्हा नेमकं मागतो ते असं. क्वार्टर आणि सेमी घरी-बाहेर करा, परतीचा सामना वरच्या क्रमांकाच्या संघाकडे ठेवा. कॅलेंडर खरंच अडत असेल तर निदान सेमी तरी सोडवा. चार संघ, चार सामने, दोन आठवडे, एवढी जागा कुठल्याही लीगच्या वेळापत्रकात निघते. ज्या लढतीत खरी अडचण असेल तेवढीच त्रयस्थ मैदानावर न्या, आणि कारण जाहीर लिहा.

फायनल एकच सामना ठेवायची असेल तर ठेवा, त्यावर मी भांडणार नाही. पण तीही कुणाच्या तरी घरी होऊ द्या, एका वर्षी पूर्वेकडच्या फायनलिस्टच्या, एका वर्षी पश्चिमेकडच्या. हे तुम्हाला नवीन नाही. १८ मे २०२५ ला चॅम्पियन्स लीग टूची फायनल तुम्ही सिंगापूरच्या बिशान स्टेडियमवर खेळवलीत, लायन सिटी सेलर्सच्या घरी. स्टेडियम छोटं, भोवती वस्ती. यजमानांनी इंज्युरी टाइममध्ये बरोबरी साधली, आणि स्टेडियम अजून नाचत असतानाच अमिरातीच्या शारजानं दुसरा मारून करंडक नेला. खालच्या स्पर्धेला जे जमलं ते वरच्या स्पर्धेला न जमण्याचं कारण असेल, तर ते पुढच्या यजमानाचं नाव जाहीर करताना सांगावं, ही विनंती.

कळावे,

आपला,
नागपूरचा एक फुटबॉलप्रेमी